घरात लहान मुलं आणि कुत्रा आहे, हॉलमध्ये आणि बाहेर लॉनच्या जागेत काय टाकावं?
हॉलमध्ये वॉल टू वॉल कार्पेट नकोच, कुत्र्याची शू एकदा खालच्या फोममध्ये मुरली की वरून कितीही घासा, वास जात नाही. विनाइल, म्हणजे प्लास्टिकचं फ्लोअरिंग घ्या, सांडलं की पुसलं, विषय संपला. लॅमिनेट दिसायला तसंच असतं पण आतला लाकडाच्या भुश्याचा थर सांध्यातून पाणी पितो, फुगतो आणि मग वर आलेल्या कडा परत बसत नाहीत. मुलांना खेळायला धुता येणारी सतरंजी पुरते.

बाहेर रोज 5-6 तास ऊन येत असेल तर खरं गवतच लावा प्लीज, आर्टिफिशियल टर्फ दुपारी इतकं तापतं की अनवाणी पाय ठेववत नाही, पोरांना चटके बसतात. सावली असेल तर टर्फ चालेल, फक्त खाली निचऱ्याला खडीचा थर हवाच.