महिंद्रा थार फोर बाय फोरची ताकद खरंच दीडशे हॉर्सपॉवर आहे का? भर पावसाळ्यात काळ्या मातीच्या रानातून आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या वस्तीपर्यंत, जाईल का?

तुमच्या प्रश्नातले 'दीडशे हॉर्सपॉवर' हे शब्द वाचले आणि हातातलं काम सोडून लिहायला बसलो. कारण माझी थार एका बेचाळीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरनं ओढून काढलेली आहे. हा किस्सा आमच्या सोयऱ्यांमध्ये प्रत्येक लग्नात पंगतीला वाढतात तसा वाढला जातो, आणि दरवेळी साफ उलटा वाढला जातो.

आधी तुमचे आकडे देऊन टाकतो. पेट्रोल दोन लिटर, १५० हॉर्सपॉवर. डिझेल २.२ लिटर, १३० हॉर्सपॉवर आणि ३०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, २२६ मिलिमीटर. पाण्यातून जायची कंपनीनं सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटर, म्हणजे साधारण मांडीपर्यंत. यातला हॉर्सपॉवरचा आकडा तुम्ही विसरलात तरी चालेल. तो समृद्धी महामार्गावर ओव्हरटेक करताना उपयोगी. रानात कामाला येतो तो गिअरच्या शेजारचा दुसरा छोटा लिव्हर. त्यावर टू-एच, फोर-एच, न्यूट्रल, फोर-एल असं लिहिलेलं असतं. टू-एच म्हणजे ताकद फक्त मागच्या दोन चाकांना, फोर-एच म्हणजे चारही चाकांना, फोर-एल म्हणजे चारही चाकांना पण सावकाश गिअरमध्ये. फोर-एलला टाकलं की चाकांवरचा जोर जवळपास अडीच पट होतो आणि वेग तितकाच कमी. गाडी मुंगीच्या चालीनं चढ चढते, ॲक्सिलरेटरला पायही लावावा लागत नाही. हा लिव्हर लक्षात ठेवा, पुढं त्याचंच महाभारत आहे.

२०२३ चा अधिक श्रावण. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, मी पुण्याला. धोंड्याच्या महिन्यात ताई आणि दाजी वाण घ्यायला गावी आले. तेहतीस अनारसे, धोंडे, पुरणपोळी, सगळं यथासांग. दाजींचं आणि माझं थार घेतल्यापासून एकच भांडण. त्यांचं म्हणणं, "फोर बाय फोरला जास्तीचे पैसे मोजणं म्हणजे येडेपणा. ट्रॅक्टरला कुठं असते फोर बाय फोर? दोन चाकांवर अख्खं रान नांगरतो." त्यांच्याकडं साधी एसयूव्ही आहे आणि तिच्यावर त्यांचं जावयाइतकंच प्रेम आहे.

जेवणं झाली. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघाड होती. सोयाबीन गुडघ्याला लागलेलं. दाजी म्हणाले, "चावी दे बरं. आखाड्यावर चक्कर मारून येऊ. बघू तर तुझं फोर बाय फोर." मी म्हणालो, "दाजी, अजून वापसा नाही, ओल उतरलेली नाही. बैलसुद्धा घालत नाहीत आज." आई आतून म्हणाली, "अरे, जावई माणूस मागतंय, दे की." धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणायची सोय नसते. चावी दिली.

ओढ्यापर्यंत मुरूम आहे, तिथपर्यंत गाडी मजेत गेली. ओढ्यात पाणी घोट्याएवढं, तेही सहज पार. दाजी खूश. "काय नाही रे, काय नाही," म्हणत त्यांनी पलीकडं काळ्यात घातली. वीस-पंचवीस पावलं गेली असेल. मग मागचा भाग शेपटीसारखा डावीकडं घसरला आणि दाजींनी जे करू नये तेच केलं. ॲक्सिलरेटर तळाला. मागची दोन्ही चाकं गरागरा फिरली, गारा उडून काकांच्या सोयाबीनवर पडला, चाकांनी स्वतःसाठी खड्डे खणले आणि गाडी पोटावर बसली. पोटावर बसली म्हणजे चाकं अधांतरी नसतात, पण सगळं वजन खालच्या डिफरन्शियलवर (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गोळ्यावर) आणि चासीवर येतं. मग चाकांना धरायला काही उरत नाही.

मी उतरलो. बूट तिथंच राहिला, पाय वर आला. टायर बघितले तर टायर दिसतच नव्हते, चार गुळाच्या ढेपा. खाचेत माती, खाचेबाहेर माती, वरून चकाकी. आत डोकावलो. लिव्हर टू-एचला.

परत लिहितो. लिव्हर टू-एचला होता. म्हणजे ती गाडी त्या वेळी फोर बाय फोर नव्हतीच, दाजींच्या गाडीसारखीच दोन चाकांवर चालणारी होती. मीटरमध्ये फोर बाय फोरचा दिवासुद्धा नव्हता. मी दाखवलं तर दाजी म्हणाले, "आता उतरताना माझा गुडघा लागला असंल." गुडघा लागून तो लिव्हर हलत असता तर कंपनीनं एवढा घट्ट कशाला केला असता?

चुलतभावाचा ट्रॅक्टर आला. तो अलीकडं, ओढ्याच्या काठच्या मुरमावर उभा केला आणि दोन साखळ्या जोडून गाडीपर्यंत आणल्या. एक पोरगा साखळी बंपरला बांधायला लागला, त्याला थांबवून टोइंगच्या हुकात अडकवायला लावली. साखळीवर ओलं गोणपाट टाकलं, म्हणजे तुटली तरी उसळून कुणाच्या तोंडावर येणार नाही. बघे लोक बाजूला केले. चाकांमागचा गारा खोऱ्यानं उकरला. मग मी बसलो, फोर-एल, रिव्हर्स, ॲक्सिलरेटर जेमतेम. ट्रॅक्टरनं साखळी ताणली. आधी चिखलानं 'पच्च' असा आवाज केला आणि मग गाडी आल्याच वाटेनं मागं सरकत बाहेर आली.

दाजींनी मुरमावर उभं राहून मिशीतल्या मिशीत हसत म्हटलं, "दोन चाकांनी चार चाकं काढली." बस. तेवढं एक वाक्य तेव्हापासून फिरतंय. ट्रॅक्टर मुरमावर उभा होता, हे कुणी सांगत नाही. लिव्हर टू-एचला होता, हे तर दाजी स्वतःच्या बायकोलाही सांगत नाहीत.

आता एक गोष्ट मान्य करतो. तोच ट्रॅक्टर नंतर त्याच गाऱ्यातून आखाड्यावर जाऊन आला. पण तो बेचाळीस हॉर्सपॉवरच्या जोरावर गेला नाही. त्याची मागची चाकं माझ्या कमरेच्या वर येतात आणि त्यांना तिरके, उंच दात असतात. ते दात मातीत रुततात, फिरताना माती बाहेर फेकतात. माझे एटी, म्हणजे ऑल-टेरेन, टायर खडीसाठी, मुरमासाठी, सह्याद्रीतल्या दगडासाठी चांगले. काळ्या मातीत त्यांच्या बारीक खाचा दोन फेऱ्यांत बुजतात. ही माती पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि वर साबणासारखी होते. चार चाकांना ताकद मिळाली, पण चारही चाकं साबणावर, तर चारही घसरणार. थारच्या काही मॉडेलना मागं मेकॅनिकल लॉक येतो, माझ्या २०२१ च्या एलएक्स व्हेरिएंटला आहे. एक चाक नुसतंच फिरायला लागलं की तो दोन्ही चाकं जखडतो. पण एका तरी चाकाखाली पकड हवी ना! घेताना कुठल्या व्हेरिएंटला हा लॉक आहे ते शोरूममध्ये नीट विचारून घ्या, सगळ्यांना नसतो.

हीच गाडी मी भंडारदऱ्याकडं भर पावसात दगडगोट्यांच्या चढावर नेली आहे. पुढची एक एसयूव्ही तिथं धूर काढत उभी होती. फोर-एल, पहिला गिअर, आणि गाडी जिना चढावा तशी चढली. उतरतानाही पहिल्या गिअरमध्ये इंजिनच धरून ठेवतं, ब्रेकला फारसा हात लावावा लागत नाही, म्हणजे पाय. अशा वेळी जास्तीचे पैसे वसूल होतात.

पेट्रोल की डिझेल? डिझेल. रानात खालच्या आरपीएमला जोर लागतो. शिवाय पाच दाराची थार रॉक्स बघत असाल तर तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेललाच आहे. आणि स्वस्त पडते म्हणून रिअर-व्हील थार अजिबात घेऊ नका. दिसायला तीच, पण छोटा लिव्हर नाही. तशी घ्यायची तर दाजींचीच गाडी बरी, निदान मागं माणसं नीट बसतात.

तुमचं रान खरोखर काळं असेल तर मारुतीची जिम्नीही चालवून बघा. १०५ हॉर्सपॉवर आणि १३४ न्यूटन मीटर ऐकून लोक नाक मुरडतात, पण ती बाराशे किलोच्या आसपास आहे, थार पावणेदोन टन. गाऱ्यात हलकं असणं ही मोठी गोष्ट. फोर्सची गुरखा घेतलीत तर पुढं-मागं दोन्हीकडं हातानं लावायचे लॉक आणि ७०० मिलिमीटर पाण्याची मर्यादा मिळते, २०२४ पासून ताकदही १४० हॉर्सपॉवर झाली. मी थार घेतली कारण मला थार आवडते, एवढंच प्रामाणिक कारण आहे.

अजून एक. डांबरी रस्त्यावर, कोरड्यात, फोर-एचला ठेवून फिरू नका. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये फरक सोसणारं सेंटर डिफरन्शियल यात नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वळवताना गाडी अडखळते, धक्के देते आणि आतलं सामान झिजतं. माझ्या आईला अजून चढताना स्टुलावर पाय ठेवावा लागतो, तुमच्या घरी म्हातारी माणसं असतील तर तेही बघा. तीन दारांच्या थारमध्ये मागच्या सीटवर बसलेल्या माणसाशी नंतर काही दिवस गोड बोलावं लागतं.

तुमचा मूळ प्रश्न, आखाड्यापर्यंत जाईल का. ओढा ओलांडेल, मुरमातून जाईल, वापसा झाल्यावर काळ्यातूनही जाईल. ऐन झडीत नाही. झडीतही जायचंच असेल तर पाणंदीवर, म्हणजे शेताच्या वाटेवर, चार ट्रॉल्या मुरूम टाकून घ्या, मग कुठलीही गाडी जाईल. आणि खरं सांगायचं तर, त्या दिवशी लिव्हर फोर-एलला असता तरी माझी गाडी पुढं पन्नासेक पावलांवर बसलीच असती. हे दाजींना कुणी सांगू नका, ते या साइटवर आहेत की नाहीत मला माहीत नाही.

पुढचा धोंड्याचा महिना २०२६ ला, मे-जूनमध्ये. रान तडकलेलं असणार, ढेकळंच ढेकळं. चावी मागितली तर देणार आहे, फक्त आधी त्यांच्या हातानं लिव्हर फोर-एलला टाकून घेणार आणि त्याचा व्हिडिओ काढणार.