सासूबाई अंथरुणावर आणि मन हलशीत

"सासूबाई अंथरुणाला खिळल्यात आणि मला देवळांचे फोटो काढत हिंडायचंय. शोभतं का हे मॅडम?" बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका शिक्षिकेचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. फोटोच्या जागी कुणाचं भजन असतं, कुणाचा ट्रेक. प्रश्न मात्र महिन्याआड कुणीतरी माझ्याकडे घेऊन येतंच.

सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून बाईंनी एकही फोटो काढला नव्हता. मैत्रिणी ग्रुपवर बदामी-हंपीचे फोटो टाकायच्या. या अंगठ्याची खूण टाकून मोबाईल उलटा ठेवायच्या. राग कुणाचा, हेही सांगता येत नव्हतं.

"स्वतःसाठी वेळ काढा" असं मी सांगत नाही. चारची गोळी कोण देणार, दर दोन तासांनी कूस कोण बदलणार, हे ठरलेलं नसताना तो सल्ला म्हणजे जखमेवर मीठ.

मी त्यांना जागांची यादी करायला लावली. बेळगाव जिल्ह्यातली हलशी, देगाव, कित्तूर. प्रत्येक जागेला अख्खा दिवस हवा, आणि आजारी माणसाच्या घरात अख्खा दिवस कधीच मोकळा मिळत नाही. मग दीड तासात काय होईल? "बेळगावात काय आहे?" असं त्या लगेच म्हणाल्या. जन्म बेळगावात गेलेली माणसंच हे म्हणतात! किल्ल्यात कमल बसदी (जैन मंदिर) आहे, रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ मध्ये बांधलेली. सफा मशीद तिथंच, किल्ल्यात. आणि टिळकवाडीत, त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर काँग्रेस विहीर. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष एकदाच झाले, १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात. त्याच अधिवेशनाच्या पाण्यासाठी खोदलेली ही विहीर. त्या रोज तिच्यावरून शाळेला जात होत्या.

खरी अडचण पुढंच होती. नवऱ्याला त्यांनी विचारलं नव्हतं असं नाही. "कधीतरी मला जायचंय", "जा की", विषय संपला. अशा 'कधीतरी'ला घरात कुणी वाली नसतो. मी त्यांना नेमकं मागायला सांगितलं: गुरुवारी उद्यमबागेतल्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून तुम्ही घरी आलात की चार ते साडेपाच आई तुमच्याकडे. गोळी, चहा, कूस. नवऱ्याला कूस बदलता येत नव्हती. मग दोन संध्याकाळी बाईंनी ती शिकवली. हे आधीच व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अपराधी वाटणं काही गेलं नाही. किल्ल्याच्या दरवाजातूनच त्यांनी घरी दोनदा फोन केला. ते वाटणं सोबत येणारच, ते जाईपर्यंत थांबू नका, एवढंच मी म्हटलं होतं.

बसदीत छतातून दगडी कमळ खाली उतरलंय. काळा दगड, आत अंधार. मोबाईल सगळंच उजळ करून राखाडी करत होता. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून उजेड खाली ओढला, हात खांबाला टेकवला, तेव्हा पाकळ्यांच्या कडा उठल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच कमळ, पण ढगाळ दिवशी. (किल्ल्यात लष्कराची हद्दही आहे, तिकडे मोबाईल पर्समध्येच. ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते.)

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. सासूबाई विचारायच्या, "कुठं जाऊलालीस गं?" आणि या सांगायच्या, बाजाराला. हे खोटं बंद करा, म्हटलं. लपवून केलेली गोष्ट दर वेळी जास्तच टोचते. त्यांनी खरं सांगितलं, फोटो दाखवले. म्हातारीने बराच वेळ पाहिले आणि अडखळत म्हणाली, "हलशीचा नरसिंह काढून आण."

हलशी खानापूरच्या पुढं. तिथल्या देवळात भूवराह आणि नृसिंह समोरासमोरच्या गाभाऱ्यांत. दोघांचे नीट फोटो काढायचे तर दीड तासात भागत नाही. त्यासाठी निपाणीच्या वन्संना एक रविवार मागितलाय. त्या अजून हो-नाही काही बोललेल्या नाहीत. परवा बाईंना मी एवढंच सांगितलं, की पुन्हा विचारा, आणि या वेळी तारीख सांगून विचारा.