आयर्लंडच्या आठ रात्री: आधी यादी निम्मी करा

तुमचा बेत मला समजला तो असा: पुण्याहून चौघं, तुम्ही दोघं आणि सत्तरीला टेकलेले आई-बाबा. आधी मँचेस्टरला भावाकडे, मग सप्टेंबरच्या मध्यात आठ रात्री आयर्लंड. यादीत डब्लिन, गॉलवे, मोहरचे कडे, रिंग ऑफ केरी (केरी परगण्यातला गोल रस्ता), डिंगल द्वीपकल्प, स्केलिग बेट, कॉर्क आणि पार वर उत्तरेला जायंट्स कॉजवे, म्हणजे समुद्रकाठचे दगडी खांब. गाडी भाड्याने घेणार. आई-बाबा शाकाहारी. आणि शेवटी हळूच विचारलंय, 'सध्या तिकडे सुरक्षित आहे ना?'

डब्लिनच्या पश्चिमेला एका उपनगरात मी अकरा वर्षं राहतेय. दर उन्हाळ्यात घरी कोणी ना कोणी उतरतं आणि प्रत्येकाच्या हातात हीच यादी असते. मी चहा टाकते आणि पेन घेऊन निम्मी नावं खोडते. तुमच्या यादीचंही तेच करतेय, राग मानू नका.

घोळ नकाशामुळे होतो. अख्खं बेट महाराष्ट्राच्या पाव भागाहून जेमतेम मोठं, त्यामुळे आठ दिवसांत प्रदक्षिणा सहज होईल असं वाटतं. डब्लिनहून गॉलवे, लिमरिक, कॉर्क इथवर मोटरवे आहेत, तिथे खरंच भराभर जाता येतं. पण आपल्याला बघायचं असतं ते मोटरवे संपल्यानंतर सुरू होतं. पश्चिम किनाऱ्याचे रस्ते म्हणजे आपलं गुहागर-वेळणेश्वर: एक वळण संपेपर्यंत दुसरं, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मध्येच रस्त्याच्या कण्यावर गवत उगवलेलं, आणि समोरून ट्रॅक्टर. फोन दोन तास म्हणाला की तुम्ही तीन धरा.

म्हणून माझा बेत असा. डब्लिन दोन रात्री, गॉलवे दोन, केरी-डिंगलसाठी किलार्नी तीन, शेवटची रात्र डब्लिन विमानतळाजवळ. कॉर्क गेलं. स्केलिगही गेलं. तिथे बोट समुद्राच्या मर्जीवर सुटते, वर 618 दगडी पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही. तुम्ही दोघं पुढे कधी एकटे आलात तर जरूर जा. जायंट्स कॉजवेलाही या खेपेला काट मारा. डब्लिनहून एका दिवसात नेऊन आणणाऱ्या बस आहेत, पण पहाटे निघून रात्री परत, त्यातला बहुतेक वेळ खुर्चीत. तरी हट्ट असेलच तर एक लक्षात ठेवा: तिथल्या खांबांवर फिरायला पैसे पडत नाहीत, पैसे पार्किंगचे आणि माहिती केंद्राचे आहेत. तेही आपल्या सह्याद्रीसारखे बेसॉल्टचेच. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला असेल तर हे खांब ओळखीचे वाटतील, फक्त इथे साधारण 40,000 आहेत आणि समुद्रात उतरत जातात.

व्हिसाचं आधी बघा, कारण इथे लोक फसतात. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे युरोपचा व्हिसा इथे चालत नाही. तुम्हाला मात्र ब्रिटनचा व्हिजिट व्हिसा काढावाच लागणार आहे, आणि भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी सवलत आहे: आधी ब्रिटनमध्ये रीतसर इमिग्रेशन करून उतरलेलं असलं आणि तिथली मुदत शिल्लक असली, तर त्याच व्हिसावर आयर्लंडला येता येतं. तुमचा क्रम, आधी मँचेस्टर आणि मग डब्लिन, त्यासाठी अगदी बरोबर आहे. उलटा केलात तर जमणार नाही. ही सवलत मुदतीची असते आणि वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा तिकीट काढण्याच्या दिवशी आयरिश इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर पुन्हा खात्री करा. हॉटेलची बुकिंगं आणि परतीचं तिकीट छापून हातात ठेवा. ब्रिटनहून आलं तरी डब्लिनला खिडकीवर पासपोर्ट दाखवावाच लागतो.

ज्यांच्याकडे फक्त आयरिश व्हिसा आहे त्यांच्यासाठी: उत्तर आयर्लंड म्हणजे ब्रिटन. सीमेवर चौकी नाही, फाटक नाही, रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि किलोमीटरचे मैल होतात, एवढंच. पण कायद्याने तुम्ही दुसऱ्या देशात गेलेले असता. भारतातून अर्ज करताना दोन्हीकडे चालणारा शेरा व्हिसावर मिळू शकतो. तो नसेल तर बेलफास्टच्या बसमध्ये बसू नका.

परतीला पुन्हा मँचेस्टरला जाऊ नका. डब्लिनहून दुबई, अबुधाबी किंवा दोहामार्गे थेट मुंबई गाठा. मँचेस्टर-डब्लिन विमान तासाभराचं, पण स्वस्त तिकिटात मोठी बॅग धरलेली नसते. आखाती विमानाने आणलेली 30 किलोंची बॅग तिथे तिकिटापेक्षा महाग पडते.

बॅगेवरून आठवलं. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा भाड्याच्या साध्या गाडीत मावत नाहीत. माझ्या मामेभावाने हे विमानतळाच्या पार्किंगमध्ये अर्धा तास वेगवेगळ्या रचना करून सिद्ध केलं. शेवटी एक बॅग मामीच्या मांडीवर. दोघांत एक बॅग आणा, उरलेलं भावाकडे ठेवून भारतात जाणाऱ्या कोणाबरोबर पाठवा. बेड अँड ब्रेकफास्टवाल्या जुन्या घरांमध्ये लिफ्ट नसते आणि जिने अरुंद असतात. आई-बाबांसाठी खोली तळमजल्यावर हवी, हे बुकिंग करतानाच लिहून कळवा.

गाडी डब्लिनमध्ये पहिल्या दिवशी घेऊ नका. शहरात ती नुसती पार्किंगचे पैसे खाते. दोन रात्री बस-ट्रामने फिरा, तिसऱ्या सकाळी विमानतळावर जाऊन गाडी घ्या आणि तिथूनच गॉलवेला निघा. इथे गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपल्याला अर्धी लढाई आधीच जिंकल्यासारखं असतं. भारतीय लायसन्स पाहुण्यांना चालतं. सोबत आंतरराष्ट्रीय परमिट काढा, काउंटरवर वाद टळतो. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि महाग, हवी असेल तर आत्ताच सांगून ठेवा.

विम्यात कंजुषी नको. साध्या विम्यात पहिले दीड-दोन हजार युरो तुमच्या खिशातून जातात. आम्ही पहिल्या वर्षी डिंगलजवळ समोरून आलेल्या बसला जागा द्यायला गाडी गडग्याला चिकटवली. आरसा गेला, दारावर वीतभर ओरखडा, आणि कंपनीने लावलेल्या बिलात आमचा पुढचा गणपतीचा भारत दौरा गेला. तेव्हापासून पाहुण्यांना पूर्ण विमा घ्यायला लावते आणि गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढायला लावते.

आणखी दोन-तीन गोष्टी. पंपावर पेट्रोल स्वतः भरायचं, मग आत जाऊन पैसे द्यायचे. हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. गावाकडच्या छोट्या रस्त्यांची कमाल मर्यादा 2025 पासून ताशी 80 वरून 60 किलोमीटरवर आली आहे, जुन्या ब्लॉगवर विसंबू नका. आणि डब्लिनच्या एम 50 रिंगरोडवर टोलनाका दिसतच नाही, कॅमेरा नंबर टिपतो. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे ऑनलाइन भरायचे, नाहीतर दंड गाडी कंपनीमार्फत पुण्याला पोचतो. कंपनी टोल परस्पर भरते का, ते गाडी घेतानाच विचारा.

गॉलवेहून किलार्नीला जाताना मोहरचे कडे वाटेत घ्या. तिकीट वेळेनुसार ऑनलाइन, पार्किंग त्यातच. कडे सर्वांत उंच जागी 214 मीटर आहेत आणि आई-बाबांना फरसबंद वाटेवरूनही भरपूर दिसतं. कुंपणापलीकडे फोटोसाठी कोणी गेलं तरी तुम्ही जाऊ नका, तिथे माणसं खरोखर पडलेली आहेत. पुढे लिमरिकला वळसा न घालता किलिमरला गाडीसकट फेरीत चढा. शॅनन नदीचं मुख वीस मिनिटांत ओलांडून टार्बर्टला उतरता, तिथून किलार्नी सव्वा तासावर. दाभोळची फेरी आठवेल.

किलार्नीचे दोन पूर्ण दिवस मिळतात. एक राष्ट्रीय उद्यानाला द्या: मकरॉस हाऊस, टॉर्क धबधबा, तळ्याकाठी घोडागाडी. आई-बाबांना हाच दिवस सर्वांत आवडेल, पैज लावते. दुसऱ्या दिवशी रिंग ऑफ केरी की डिंगल? रिंग 179 किलोमीटरची, दिवस गाडीत जातो आणि बसच्या रांगेमागे अडकायला होतं. मी डिंगल घेईन. डिंगलच्या टोकाचा स्ली हेडचा फेरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करा, म्हणजे बस समोरून न येता तुमच्याच दिशेने असतात.

आता पाऊस. सप्टेंबरात तो येणारच, पण तुम्ही समजता तसा नाही. मुसळधार क्वचित; भुरभुर, आणि तीही वाऱ्याबरोबर आडवी. छत्री पहिल्याच दिवशी उलटी होते. टोपीवालं जलरोधक जाकीट प्रत्येकी एक, आणि आत एकावर एक पातळ कपडे. दिवसाचं हवामान बघून रद्द करू नका, तासाभरात आभाळ बदलतं. मोहरला एकदा आम्हाला धुक्यात हातभर अंतरावरचं दिसेना. कॅफेत स्कोन खाऊन बाहेर आलो तर समोर अटलांटिक.

खाण्याचं मात्र आधीच ठरवा. डब्लिन-गॉलवेत शाकाहारी मिळण्याची अडचण नाही, खेडेगावात आहे, आणि खरी अडचण वेळेची आहे: पब रात्री उशिरापर्यंत उघडा असला तरी स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी नऊला बंद होतं. आपण साडेआठला 'आता जेवायचं बघू' म्हणतो आणि चिप्सच्या पाकिटावर झोपतो. साडेसहाला जेवा. भाजीचं सूप आणि ब्राउन ब्रेड हा हमखास आधार, पण सूप कोंबडीच्या रश्शात केलंय का ते विचारा. नाश्त्याच्या ताटातली काळी गोल चकती म्हणजे ब्लॅक पुडिंग, त्यात डुकराचं रक्त असतं. शाकाहारी नाश्ता हवा हे आदल्या रात्रीच सांगा. किलार्नीला हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत तर बाबांना वरणभात मिळेल.

भारतातून काय आणायचं? युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, श्रीखंड पुण्यातच राहू द्या. चिवडा, भाकरवडी, मेतकूट, लोणचं बिनधास्त आणा. प्लग ब्रिटनसारखे चौकोनी तीन पायांचे, भावाकडचा अडॅप्टर चालेल.

डब्लिनमध्ये दोन दिवसांत सगळं करायला जाऊ नका. किल्मेनम तुरुंगाचं तिकीट मात्र सुटल्यासुटल्या काढा, साधारण चार आठवडे आधी मिळू लागतं आणि संपतं. ब्रिटिशांविरुद्धच्या 1916 च्या ईस्टर उठावाच्या चौदा नेत्यांना इथे गोळ्या घातल्या. तो उठाव झाला एप्रिल 1916 मध्ये, आणि त्याच महिन्यात टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली. 'होमरूल' हा शब्दच आयर्लंडहून आलेला. तुरुंगाच्या अंगणात उभं राहिल्यावर माझ्या सासऱ्यांना हे आठवलं आणि नंतर बराच वेळ ते बोललेच नाहीत. ट्रिनिटी कॉलेजच्या लाँग रूमचा, म्हणजे तिथल्या जुन्या ग्रंथालयाचा, फोटो बघून जाणार असाल तर सांगते, जतनाच्या कामासाठी तिथली बहुतेक पुस्तकं खाली उतरवली आहेत. फुकटात बघायचं तर डब्लिन कॅसलमधलं चेस्टर बीटी संग्रहालय, तिथे मुघल लघुचित्रं आहेत. शहरात फिरायला लीप व्हिजिटर कार्ड घ्या. रोख पैसे देऊन बसमध्ये चढायचं तर फक्त नाणी चालतात, सुटे परत मिळत नाहीत.

सुरक्षिततेचं. 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले, भारतीय दूतावासाने सावधगिरीची सूचना काढली, हे खरं आहे. आम्हीही तेव्हा मुलांना संध्याकाळी एकटं सोडत नव्हतो. म्हणून येऊ नका असं मी म्हणणार नाही. माझे स्वतःचे आई-वडील त्यानंतर येऊन गेले. रात्री उशिरा शहराच्या मध्यात रिकाम्या रस्त्यांवर फिरू नका, टोळक्याने उभी पोरं दिसली तर बाजू बदला, फोन हातात नाचवू नका. काही झालं तर 112 किंवा 999. गॉलवे-केरीकडे वातावरण वेगळं आहे; तिथे अनोळखी ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलून तुम्हाला नमस्कार करेल, तुम्हीही उचला. बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'थँक यू' सगळे म्हणतात, डब्लिनमध्येसुद्धा.

आणि बाबांना एक सांगून ठेवा. डिंगलकडे आयरिश भाषेचा मुलूख आहे, पाट्याही त्याच भाषेत. स्वच्छतागृहाच्या दारावर एम-एन-ए असं दिसलं की पुरुष 'मेन' समजून आत शिरतात. तो उच्चार 'मनॉ', आणि अर्थ बायका. पुरुषांचं दार एफ-आय-आर. आपल्याकडे पोलिसात देतात तीच अक्षरं, तेवढं लक्षात राहतं.