मातीतलं रेडिएशन मोजून पोट भरेल का?

प्रश्न : मी मिरजेत एका रुग्णालयात एक्स-रे टेक्निशियन आहे. मुलगी सांगलीत बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मातीच्या कणांवरून जुनं रेडिएशन मोजण्याच्या विषयात तिला पुढे जायचंय. यात नोकरी आहे का, की सरळ बी.एड. करून घेऊ?

उत्तर : साहेब, ड्यूटीवर अंगावर पडलेलं रेडिएशन मोजायला तुम्ही जो टीएलडी बॅज लावता, त्याच तत्त्वावर लेकीचा विषय उभा आहे. तीन महिन्यांनी बॅज तपासणीला गेला की आतल्या चकत्या तापवतात, निघालेला उजेड मोजतात आणि तुमचा डोस, म्हणजे अंगात किती रेडिएशन गेलं ते काढतात. मातीतले क्वार्ट्‌झ-फेल्डस्पार या खनिजांचे कण हेच काम हजारो वर्षं करत असतात. रेडिएशनने सुटे झालेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांत अडकतात. कण तापवला किंवा त्यावर निळा प्रकाश टाकला की ते मोकळे होतात आणि कण मंद चमकतो. हिरोशिमाची कौलं, चेर्नोबिल परिसरातल्या घरांच्या विटा यांच्यावरून असेच डोस काढले गेले. भट्टीत भाजताना विटेतला अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचा आधीचा साठा पुसला जातो, म्हणून तिचा हिशेब सोपा. मातीचा साठा उन्हानेही पुसला जातो. त्यामुळे लोखंडी पाइप ठोकून नमुना काढायचा आणि मंद लाल दिव्याच्या खोलीतच उघडायचा. ॲसिडमध्ये कण धूत तासन्‌तास अंधारात बसायची तयारी आहे का, एवढं तिला आधी विचारा.

घरच्या शेतातली माती घेऊन प्रोजेक्ट करते म्हणाली, तर जरा थांबवा. आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची, त्यात क्वार्ट्‌झ नावालाच. फेल्डस्पार मिळेल, पण त्याचा साठा काळाबरोबर आपोआप गळत राहतो. नवख्याच्या हाताला ते काम लागत नाही.

आता नोकरीचं. फक्त या विषयाच्या जाहिराती निघत नाहीत, हे स्पष्टच सांगतो. तिला एम.एस्सी. फिजिक्सच करू द्या. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात, किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत. पुढे संशोधनच करायचं असेल, तर अहमदाबादच्या पीआरएल या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत या विषयावर कित्येक वर्षं काम चाललंय. नाही जमलं, तर बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. रेडिओथेरपीच्या केंद्राला मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे रुग्णाच्या डोसचा हिशेब बघणारा माणूस, ठेवावाच लागतो, आणि कॅन्सरची रुग्णालयं मिरजेतही आहेत. डोस मोजण्याचं शिक्षण दोन्हीकडे कामी येतं. बी.एड. काय, नंतरही करता येईल.

जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. दिवाळीच्या सुट्टीत बघू म्हणाल, तर तोवर मुदत टळलेली असेल.