पूर्वसंमतीच्या आधी जेसीबी

प्रश्न : आम्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू, तीस मेंढ्या, दोन म्हशी. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वैयक्तिक शेततळ्याच्या अनुदानासाठी अर्ज केला होता. गेल्या वर्षी मार्चमध्ये ‘निवड झाली आहे’ असा मेसेज आला. पावसाळ्याआधी उरकावे म्हणून मे महिन्यात हातउसने पैसे घेऊन जेसीबीने खोदाई केली. दिवाळीत पाहिले तर पोर्टलवर अर्ज रद्द. त्यानंतर तालुक्याला तीन अर्ज दिले, उत्तर नाही. जेसीबीवाला म्हणतो, पाहिजे त्या तारखेचे बिल देतो. कोर्टात जाता येईल का? तळ्याची जागा कृषी सहायकांनीच आखून दिली होती.

उत्तर : मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत शेततळ्याला आकारानुसार कमाल 75,000 रुपये मिळतात, कागद कोणते लागतात, हे तुम्ही अर्ज करतानाच पाहिले असेल. त्यात शिरत नाही. तुमच्या भांडणाचा निकाल दोन तारखांवर लागणार आहे. पूर्वसंमतीचे, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या मंजुरीचे, पत्र कधी निघाले आणि जेसीबी शेतात कधी उतरला, एवढेच. दुसरी तारीख तुम्ही स्वतः सांगता. पहिलीचा तुमच्या पत्रात पत्ताच नाही.

मार्चचा मेसेज निवडीचा होता. निवड झाल्यावर कागदपत्रे अपलोड करायची, त्यांची छाननी व्हायची, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतर काम. ठिबकवाले, कांदाचाळवाले, ट्रॅक्टरवाले, सगळ्यांची पत्रे हीच असतात. ‘निवड झाली’ एवढे वाचले की दुकान गाठायचे किंवा मशीन बोलवायचे, पुढचे कुणी वाचत नाही. आधी खर्च करून बसलेल्याला नंतर पैसे देण्यासाठी ही योजना काढलेली नाही, म्हणून ही अट आहे आणि न्यायालयेही तिच्याकडे तांत्रिक खुसपट म्हणून पाहतील असे मला वाटत नाही. सरकारने शब्द दिला आणि त्यावर विसंबून माणसाने खर्च केला तर सरकारला तो फिरवता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये मोतीलाल पदमपत प्रकरणात ठामपणे मांडले आहे. पण त्यासाठी आधी शब्द असावा लागतो. ‘निवड झाली’ हा ‘खोदा, पैसे देऊ’ असा शब्द होत नाही.

आता तुमची शेवटची ओळ. जी पहिली लिहायला हवी होती ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. सर्वसाधारण क्रमाने तळ्याची आखणी पूर्वसंमतीनंतर होते. मग सहायकांनी मे महिन्यात आखणी कशाच्या आधारावर केली? एकतर पूर्वसंमती निघाली होती आणि तुम्ही पोर्टल उघडून पाहिलेच नाही. तसे असेल तर अर्ज रद्द होण्याचे कारण भलतेच काही निघेल, कदाचित मुदतीत बिल न चढवल्याचे, आणि तुमची बाजू बरीच सुधारेल. किंवा सहायकांनी आपुलकीने, तोंडी, पट्टी धरून जागा दाखवली. तसे असेल तर त्याचा उपयोग थोडा. ज्याला मंजुरीचा अधिकार नाही त्याच्या तोंडी सांगण्याने शासन सहसा बांधले जात नाही.

यातले खरे काय, हे मला इथे बसून कळणार नाही. कागद सांगेल. माहिती अधिकारात तालुका कृषी अधिकारी कार्यालयाकडे अर्ज करा आणि तुमच्या अर्ज क्रमांकाची पूर्ण नस्ती, म्हणजे फाइल, मागा. छाननीचे शेरे, पूर्वसंमती निघाली असल्यास तिची प्रत, स्थळपाहणीचा अहवाल, फोटो आणि रद्द करण्याचे कारण, हे सगळे नाव घेऊन मागा. ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ असे मोघम विचारलेत तर उत्तरही मोघम येईल. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. ती तारीख तरी चुकवू नका.

कारण उशीर हाच तुमचा दुसरा शत्रू आहे. सरकारी निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात करायच्या रिट याचिकेला ठरलेली मुदत नसते, पण न्यायमूर्ती विचारतात की इतके दिवस काय करत होता. ‘तीन अर्ज दिले होते’ हे उत्तर पुरत नाही. अर्जावर अर्ज देत राहिल्याने जुना दावा ताजा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सी. जेकब प्रकरणात 2008 मध्येच सांगितले आहे. कार्यालयाने तीन अर्जांना साधी पोहोचही दिली नसेल तर तो त्यांचा निर्लज्जपणा खरा, पण त्याची किंमत तुम्हीच मोजता.

साताऱ्याच्या माणसाला आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आहे. तरीही नस्ती हातात येईपर्यंत वकील लावू नका. 75,000 साठी रिट लढवणे परवडते का, हा हिशेब घरी बसून करा. उत्पन्न मर्यादेत बसत असाल, किंवा अर्जदार महिला किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. ग्राहक आयोगाचा रस्ता मला इथे दिसत नाही.

जेसीबीवाल्याच्या बिलाला मात्र हात लावू नका. ते बिल तुम्ही पोर्टलवर चढवले की अनुदानाचा प्रश्न मागे पडून भारतीय न्याय संहितेची कलमे 318 आणि 336 पुढे येतात, फसवणूक आणि बनावट दस्तऐवज. तळे मे महिन्यात खोदल्याचे अख्ख्या गावाला माहीत आहे, आणि उपग्रहाच्या चित्रातही ते दिसू शकते.

एक वाट उरते. त्याच योजनेत अस्तरीकरण, म्हणजे तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद लावणे, हा वेगळा घटक आहे. तुमच्या तळ्यात प्लास्टिक अजून टाकले नसेल, तर स्वखर्चाने खोदलेले तळे त्याला चालते का, हे कार्यालयाला लेखी विचारा. हो म्हणाले तर नवा अर्ज करा, आणि पूर्वसंमतीचे पत्र छापून हातात येईपर्यंत प्लास्टिक कागदाचा एक रोलही विकत घेऊ नका.