बुथैना: मऊ मातीचं नाव

रत्नागिरीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे भाऊ-भावजय कुवेतला असतात. तिथे त्यांना मुलगी झाली आणि नाव ठेवलं ‘बुथैना’. इकडे घरात कुणी ते आधी ऐकलेलं नाही. इंटरनेटवर एका ठिकाणी अर्थ मिळाला ‘सुंदर स्त्री’, दुसऱ्या ठिकाणी ‘वाळू’. घरातली उर्दू वाचणारी वडीलधारी मंडळी ‘बुसैना’ म्हणतात. ताईंना तीन गोष्टी हव्यात: खरा अर्थ, हे नाव कितपत चालतं आणि मराठीत ते कसं लिहायचं.

ताई, दोन्ही अर्थ बरोबर आहेत, फक्त त्यांना जोडणारा दुवा कुणी दिलेला नाही. मूळ शब्द ‘बथ्ना’. त्याचा मूळ अर्थ आहे मऊ, सपाट, पायाखाली दबणारी जमीन. 1290 साली पुऱ्या झालेल्या ‘लिसान अल-अरब’ या महाकोशात इब्न मंझूरनं जुन्या पंडितांची मतं गोळा केली आहेत. त्यात इब्न अल-अअराबी या नवव्या शतकातल्या भाषापंडिताच्या नावावर ‘बथ्ना’चे अर्थ एका ओळीत येतात: लोणी, सुखातलं सुख, मऊ वाळू आणि नितळ, मांसल कांतीची देखणी स्त्री. या सगळ्यांत समान आहे तो मऊपणा. आधी माती, मग लोणी, मग माणूस, अशी ही चाल. म्हणून नुसतं ‘सुंदर’ असं सांगितलं की नावातली गंमतच निसटते. सुंदर या अर्थाची नावं अरबीत ढिगानं आहेत. हे सौंदर्य हाताला लागणारं आहे.

वाळवंटात मऊ जमीन म्हणजे काय, याचा थोडा विचार करा. खडक आणि धारदार खडे तुडवत आलेल्या उंटाला आणि माणसाला जिथे पाय टेकावासा वाटतो, अंग टाकावंसं वाटतं, ती जागा. शिवाय मऊ म्हणजे पिकाऊ. दमास्कसच्या दक्षिणेला, आजच्या सीरियात, ‘अल-बथनिय्या’ नावाचा जुना सुपीक मुलूख आहे. तिथल्या गव्हाला त्या मुलखावरून ‘बथनिय्या’च म्हणत. खालिद बिन वलीद या सेनापतीचं एक बोलणं कोशकार इथे देतात. शामच्या, म्हणजे सीरियाच्या प्रदेशाची घडी बसली, तो ‘बथनिय्या आणि मध’ झाला, तेव्हा मला काढून दुसऱ्याला नेमलं, अशी त्याची तक्रार. गहू आणि मध, म्हणजे आबादीआबाद. आपल्याकडे नदीकाठच्या पोयट्याच्या जमिनीबद्दल शेतकरी ज्या मायेनं बोलतो, ती माया या शब्दात आहे. आणि जमिनीवरून मुलीचं नाव आपल्याला परकं कुठे आहे? सीता म्हणजे नांगराची तासच की.

आता ‘बथ्ना’चं ‘बुथैना’ का झालं? अरबीत लहानपण किंवा लाड दाखवायला शब्द आतून बदलतात. या प्रकाराला ‘तसगीर’ म्हणतात. पहिल्या व्यंजनाला उकार द्यायचा, दुसऱ्याला ‘ऐ’. हसनचा हुसैन असाच होतो, अब्दचा उबैद, जुन्द म्हणजे फौज तिचा जुनैद. ही नावं आपल्या शेजारीपाजारी रोज ऐकू येतात, पण त्यांच्यातला लाड आपल्याला ऐकू येत नाही. मराठीत आपण शब्दाच्या शेवटी काहीतरी जोडतो, सोनं-सोनुली, चिमणी-चिमुकली. अरबी शब्दाच्या पोटात हात घालते, एवढाच फरक. तेव्हा एका शब्दात अर्थ सांगायचा तर मी ‘मऊ मातीची चिमुकली’ असा सांगेन.

नाव अरबांच्या तोंडी राहिलं ते मात्र शब्दकोशामुळे नव्हे. सातव्या शतकात हिजाझच्या, म्हणजे पश्चिम अरबस्तानाच्या उत्तरेला, वादी अल-कुरा या खोऱ्यात, बनू उझ्रा नावाची जमात राहत होती. प्रेमात पडले की मरतात, अशी तिची ख्याती. तिच्यातला जमील बिन मअमर हा कवी बुथैनाच्या प्रेमात पडला, तिच्या घरच्यांनी तिचं लग्न दुसरीकडे लावलं आणि जमील आयुष्यभर तिच्यावर कविता करत राहिला. 701 साली तो इजिप्तमध्ये वारला. अरब आजही त्याला ‘जमील बुथैना’ म्हणतात, बुथैनाचा जमील. पुरुषाची ओळख बाईच्या नावानं.

त्यांची पहिली भेट मला फार आवडते. जमील उंट घेऊन खोऱ्यात आला होता. बुथैना पाण्यावर निघाली होती, तिनं जाता जाता त्याची उंटाची पिल्लं बिथरवली. त्यानं शिवी दिली. तिनं सव्याज परत केली. आणि त्याला ती शिवी गोड लागली! पुढे त्यानंच लिहिलं की आपल्यातली माया सुरू झाली ती, हे बुथैन, बगीदच्या खोऱ्यात, शिव्यांपासून. आणखी एक गोष्ट सांगतात. ती म्हातारी झाल्यावर खलिफा अब्दुल मलिकनं तिला विचारलं, ‘जमीलनं तुझ्यात असं काय पाहिलं?’ ती म्हणाली, ‘तुम्हाला खलिफा करताना लोकांनी तुमच्यात जे पाहिलं तेच.’ मऊ मातीच्या नावाची बाई बोलायला अजिबात मऊ नव्हती.

तिच्यानंतर चारशे वर्षांनी स्पेनमधल्या सेव्हिलच्या राजकन्येचं नावही बुथैना होतं. राजा अल-मुअतमिद स्वतः कवी होता. 1091 साली मोरोक्कोहून आलेल्या मुराबित राजवटीच्या फौजांनी सेव्हिल घेतलं, राजाला कैद करून मोरोक्कोतल्या अगमातला नेलं आणि लुटीत ही मुलगी दासी म्हणून विकली गेली. एका व्यापाऱ्यानं तिला आपल्या मुलासाठी विकत घेतलं. तिनं आपलं कूळ सांगितलं आणि निकाहाशिवाय हात लावू द्यायला साफ नकार दिला. निकाहाला बापाची संमती हवी, म्हणून तिनं कैदेतल्या बापाला कवितेत पत्र लिहिलं: माझे शब्द ऐका, गळ्यातल्या सरी आहेत त्या. मी पकडली गेले हे खरं, आणि मी बनू अब्बाद घराण्यातल्या राजाची मुलगी आहे हेही खरं. बापानं संमती कळवली.

मग एवढं मोठं नाव आपल्याकडे का पोचलं नाही? माझ्या मते कारण वाटेचं आहे. बुथैना आणि लैला एकाच काळातल्या, एकाच तऱ्हेच्या कथांमधल्या. पण लैलाला 1188 साली निझामी या कवीनं फारसीत आणलं, अमीर खुस्रोनं तीच कथा भारतात पुन्हा सांगितली आणि पुढे ‘लैला-मजनू’ मराठी बोलण्यातही रुळले. आपल्याकडची मुसलमानी नावं एकतर पैगंबरांच्या घराण्यातून आणि सोबत्यांतून येतात, नाहीतर फारसी काव्याच्या हमरस्त्यानं. बुथैनाला निझामी भेटला नाही, ती अरबीतच राहिली. तिथे मात्र ती ओळखीची आहे. सीरियाच्या माजी मंत्री बुथैना शाबान, इजिप्तमध्ये 2011 साली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहण्याची घोषणा करणाऱ्या टीव्ही निवेदिका बुथैना कामेल, ही चटकन आठवणारी नावं. कोकणातली घरं दोन-तीन पिढ्या आखातात नांदताहेत; अरबी शेजाऱ्यांकडून थेट असं नाव उचललं जाणं मला फार सहज वाटतं.

राहिला ‘थ’ की ‘स’. अरबीत इथे तीन नुक्त्यांचं जे अक्षर आहे त्याचा उच्चार जिभेचं टोक दातांत धरून हवा सोडली की येतो. आपला ‘थ’ त्याच्या जवळचा आहे, तोच नव्हे. फारसी आणि उर्दूत हे अक्षर सरसकट ‘स’ होतं आणि मराठीत आलेले असे शब्द त्याच वाटेनं आले. आपला ‘वारस’ अरबीत ‘वारिथ’ आहे, ‘मिरासदार’मधली ‘मिरास’ तिथे ‘मीराथ’, आणि उस्मान हा ‘उथ्मान’. म्हणजे वडीलधाऱ्यांचं ‘बुसैना’ चुकीचं नाही, ते शेकडो वर्षांच्या रिवाजाला धरून आहे. पण हे नाव उर्दूतून आलेलं नाही, आईबापांनी ते अरबीतून घेतलंय. तेव्हा कागदावर ‘बुथैना’ लिहा, आणि पासपोर्टवरच्या इंग्रजी स्पेलिंगशी ते जुळतंय ना, ते आत्ताच बघून घ्या. ‘बुथेना’ मात्र लिहू नका. हिंदीत ‘ऐ’चा उच्चार पसरट होतो, पण मराठी माणूस ‘ऐ’ म्हणतो तो ‘अइ’सारखा, आणि अरबीतही तो तसाच आहे. या बाबतीत रत्नागिरीतला उच्चार दिल्लीपेक्षा अरबीला जवळचा पडेल.

हाक मारायला नाव लांब वाटलं, तर शेवटचा ‘आ’ खुशाल गाळा. अरबी कवितेत हाक मारताना असा शेवट गाळायची रीतच आहे. जमीलच्या ओळीत ती ‘बुथैन’ झाली ती त्यामुळेच.