स्थलांतराच्या दिवसांत समुद्रकड्यावर गटाने पक्षी पाहायला जायचंय. पक्षी ओळखता येत नसतील तर माझी अडचण होईल का?

अजिबात नाही. निर्धास्त जा. कड्यावर नावं सांगणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्या डोळ्यांची गरज जास्त असते.

घारी, गरुड, मधुबाज हे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत घिरट्या घालत उंची गाठतात आणि मग पंख न हलवता पुढे घसरत जातात. समुद्रावर असे झोत फार कमी. म्हणून ते जमेल तितकं किनाऱ्याला धरून उडतात आणि पाणी अरुंद असेल तिथे ओलांडतात. युरोप आणि आफ्रिकेमधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी एका जागी जेमतेम 14 किलोमीटर रुंद आहे, तिथे त्यांची झुंबड उडते ती यामुळेच. वारा समुद्राकडून असला की तो कड्यावर आपटून वर उसळतो आणि पक्षी त्यावर तरंगत थेट आपल्या नजरेसमोर येतात. बहिरी ससाण्याची निळसर राखाडी पाठ मी पहिल्यांदा कड्यावरूनच पाहिली. एरवी त्याचं पोटच दिसतं.

पण आकाश अफाट असतं, म्हणून ते वाटून घ्यावं लागतं. आम्ही समुद्रातला एखादा सुटा खडक घड्याळातले ‘बारा’ मानतो. मग हाक अशी: “दोनच्या दिशेला, क्षितिजाच्या दोन बोटं वर, उजवीकडे चाललाय!” नाव नंतर. आधीच नाव घेतलं की वाद सुरू होतो आणि पक्षी निघून जातो. निरभ्र निळ्या आकाशात उंचावरचा ठिपका निसटतो, तेव्हा पांढरे ढग आधी चाळा. दुर्बीण 8×42, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि 42 मिलिमीटर भिंगाची, पुरे. दहा पटीची वाऱ्यात जास्त हलते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. दुर्बीण डोळ्याला असताना एकही पाऊल टाकायचं नाही. पक्ष्यामागे मान वळते आणि पाय नकळत सरकतात. कडा खालून पोखरलेला असला तरी वरून कळत नाही. काठापासून लांब, बसूनच पाहा.

आणि पायाशीही बघत जा. समोरचा वारा किंवा पाऊस लागला की दमलेले छोटे पक्षी दिसेल त्या पहिल्या जमिनीवर उतरतात. एकदा आम्ही सगळे दूरवर टक लावून बसलो होतो, तेव्हा गटातल्या सगळ्यात नवख्या मुलीने हळूच माझी बाही ओढली. दोन हातांवर, खुरट्या गवतात, पिवळा धोबी. पिसं फुगलेली, डोळे अर्धे मिटलेले. धोबी म्हटलं की शेपूट सतत वरखाली, पण याची शेपूट स्थिर होती. कोणी जागचं हललं नाही, फोटोसाठीही नाही. बऱ्याच वेळाने त्याने गवतातली एक माशी टिपली, मग दुसरी. आणि शेपूट हलायला लागली.